तिसरा आग्रह

इचलकरंजीची रेवती मगदूम चार वर्षं घासून मँडरिन शिकली आणि एका इंग्रज साहेबाची दुभाषी म्हणून चीनला गेली. तिथे पोचताच साहेबाने भाषांतर करणारा फोन दाखवला.

"हा चाळीस भाषा बोलतो. आज याने काम निभावलं, तर उद्या तू घरी."

कारखान्याचे मालक लिन दारात उभे होते. साहेबाने त्यांच्यापुढे भेट म्हणून लोकरीची शाल धरली. लिन हसून काहीतरी म्हणाले. फोन बोलला, "नको, नको." साहेबाने शाल मुकाट्याने बॅगेत टाकली, तसं लिन यांचं हसू मावळलं.

रेवतीने शाल काढून दोन्ही हातांनी पुढे केली. लिन पुन्हा नको म्हणाले. तिने तिसऱ्यांदा आग्रह केला, तेव्हा मात्र त्यांनी ती खुशीने पांघरली आणि सगळ्यांना जेवायलाच थांबवून घेतलं.

साहेब चक्रावला. "पण फोनने तर नको सांगितलं होतं."

"बरोबरच सांगितलं, साहेब," रेवती म्हणाली. "पण फोनच्या घरी कधी पाहुणे गेलेले नाहीत. माझ्या घरी कायम असतात, आणि दोनदा नको म्हटल्याशिवाय त्यांतला एकही जण लाडू उचलत नाही."