डब्यावर न मावलेला फोटो

"…पण तरी, बाई, असं काहीतरी असेलच ना, जे तुम्ही रोज न चुकता खाता?"

शर्वरी हे तिसऱ्यांदा विचारत होती.

ढवळे बाई व्यायामशाळेच्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मल्लखांबाचा दोर बोटांतून वीत-वीत पुढं सरकवत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. पाठ अशी, की मागं भिंतीचा टेकू असावा. भिंत चार हात लांब होती.

"भाकरी," त्या म्हणाल्या. "आमटी. काल शेवयांचा उपमा केला होता. बिघडला."

"उपम्याचं नाही विचारत मी, बाई."

"बरं झालं. सांगण्यासारखा नव्हताच."

शर्वरी हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडं होतं. साडेतीन. पाचच्या आत फोटो आणि सह्या मोबाईलवरून पुण्याच्या ऑफिसात पोचायला हव्या होत्या.

मिरजेच्या जुन्या पेठेतल्या याच व्यायामशाळेत, दोरावर तिची नऊ ते सोळा अशी सात वर्षं गेली होती. उंचीला घाबरणारी, दार वाजलं तरी दचकणारी पोर. तिला बाईंनी एकदाही 'घाबरू नकोस' म्हटलं नव्हतं. 'घाबरत घाबरत चढ' एवढंच म्हणाल्या होत्या. ती चढली होती. पुढं आहारशास्त्रात पदवी घेतली, पदव्युत्तर झालं, सुवर्णपदकही मिळालं. आता चार महिने ती एका कंपनीत आहारतज्ज्ञ होती. नोकरी अजून कच्ची. हे काम झालं तर पक्की.

काम सोपं होतं. कंपनीची नवी पावडर बाजारात येणार होती, साठीपुढच्या माणसांसाठी. नाव 'ताठकणा'. डब्यावर बाईंचा फोटो. फोटोखाली 'हेच माझं रहस्य' आणि बाईंची सही. त्याच्याखाली आहारतज्ज्ञ म्हणून शर्वरीची.

बाईंचं नाव तिनंच सुचवलं होतं. कंपनीतले तिचे वरिष्ठ, साळवी सर, खूश झाले होते.

"दाखव बघू तुझा डबा," बाई म्हणाल्या.

तिनं दिला. बाईंनी तो हातात फिरवला.

"नाव चांगलंय. वाच, काय लिहिलंय ते."

"तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

शर्वरीनं घसा साफ केला. "शंभरातल्या ब्याण्णव जणांना तीन महिन्यांत फरक जाणवला."

"शंभर जणांना विचारलं होतं?"

"…पंचवीस."

"म्हणजे तेवीस जणांना जाणवला."

"तेवीस म्हटलं की लहान वाटतं, बाई."

"लहानच आहे तो आकडा. कोण होते हे पंचवीस?"

"आमच्याच लोकांचे आईवडील. ऑफिसातल्या."

"डबा फुकट?"

"हो."

"पोरानं फुकट आणून दिलं, वर विचारलं, 'आई, बरं वाटतंय का?'… आणि तरी दोघं नाही म्हणाले." बाईंनी मान डोलावली. "ते दोघं मला भेटायला आवडतील."

शर्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि ज्यांनी ही पावडर खाल्लीच नाही, त्यांना तीन महिन्यांत कसं वाटलं?"

"त्यांना… त्यांना कुणी विचारलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून तिच्या हातात ठेवला. "आता हा लाव आणि खालची मुंगीएवढी ओळ वाच."

चष्म्याशिवायही तिला ती ओळ पाठ होती. "नियमित व्यायाम व समतोल आहारासोबत घेतल्यास."

"म्हणजे सासूबाई स्वयंपाक करणार, आणि ही तुझी पावडर वाढायच्या वेळी पदर खोचून पुढं येणार."

बाई पुन्हा दोराकडं वळल्या. वीत. थांबणं. वीत. थांबणं.

शर्वरीला मात्र राहवेना. इतकी वर्षं शिकून आपल्याला काहीच कळत नसल्यासारखं बाई बोलताहेत, हे तिला टोचलं.

"बाई, पावडर वाईट नाहीये. मी स्वतः तपासलंय सगळं. दुधाची पूड, सोयाबीन, कॅल्शियम… जे डब्यावर लिहिलंय ते आत आहे. ज्यांना जेवण जात नाही, त्यांच्या पोटात निदान दोन घास तरी जातील. प्रत्येक गोष्टीवर असा संशय घेतला तर माणसानं विश्वास ठेवायचा कशावर?"

"वाईट आहे असं मी म्हटलं का?"

"…नाही."

"दूध वाईट कसं असेल."

बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग असं करू," शर्वरी पुढं सरकून बसली. रस्ताभर बसमध्ये तिनं हे मनात घोळवलं होतं. "आज फोटो देऊ. सही महिन्यानं, तेवढी मुदत मी सरांकडून मागून घेते. तुम्ही महिनाभर पावडर घ्या, आणि मगच सही करा. म्हणजे खोटं काहीच होणार नाही."

"महिन्यानं मी कशी बसलेली असेन?"

"कशी म्हणजे? अशीच. ताठ."

"मग तू म्हणणार, बघा, पावडर खाल्ली आणि ताठ बसल्या."

"हो."

"आणि आत्ता कशी बसलेय मी?"



…

बाईंची बोटं दोरावर एका जागी थांबली होती. त्यांनी ती जागा उजेडाकडं धरली, नखानं खरवडली. सुताचे दोन धागे सुटून वर आले.

"वर्षभर पोरी यावर चढताहेत," त्या म्हणाल्या. "अठरा हात दोर. साडेसतरा हात उत्तम आहे."

त्यांनी दोर हातातून सोडला. तो धप्पदिशी फरशीवर पडला. शर्वरी दचकून मागं सरली.

"अजून दचकतेस?"

"अजून."

"चांगलंय. जागी आहेस."

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की शर्वरीचे डोळे एकदम भरून आले आणि जे ती घोकून आली नव्हती ते बाहेर पडलं.

"बाई, मला खोटं नाही हो विकायचं. मला तुम्ही डब्यावर हव्या आहात, कारण… कारण घराघरात कपाटात तुम्ही असाल. कुणीतरी म्हातारी सकाळी डबा काढेल, तुम्हाला बघेल आणि उठून बसेल. तुम्हाला बघूनच मी उठले होते. नाहीतर मी जन्मभर व्यायामशाळेच्या पायरीवर बसून राहिले असते. आणि हे काम झालं नाही तर साळवी सर मला ठेवणार नाहीत. हेही आहे. लपवत नाही."



मग हात न टेकता, गुडघ्याला न धरता, बाई फरशीवरून सरळ उभ्या राहिल्या. शर्वरीनं हे हजारदा पाहिलं होतं. हेच, तिला वाटलं. हेच तर डब्यावर हवंय.

"फोटो हवाय ना तुला," बाई म्हणाल्या. "देते."

त्या आतल्या खोलीत गेल्या. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा. पदरानं काच पुसत त्या बाहेर आल्या आणि लाकडी चौकट शर्वरीच्या मांडीवर ठेवली.

काळा-पांढरा फोटो. खाली शाईनं लिहिलं होतं : मुलींची पहिली तुकडी, १९६१. एकोणीस मुली, गुडघ्यापर्यंतच्या विजारी, घट्ट वेण्या. काही उभ्या, काही बसलेल्या. मधोमध दोर, आणि दोराच्या टोकाशी एक मुलगी दोन्ही हात सोडून अशी तोललेली, जणू ती तिथंच जन्मली होती.

"सांग, यातली मी कोण?"

शर्वरीला विचार करावा लागला नाही. तिनं दोरावरच्या मुलीवर बोट ठेवलं. "ही काय."

"ती कुसुम."

"…कुसुम?"

"आमच्यात सगळ्यात सरस. मी ही." बाईंनी मागच्या रांगेत कोपऱ्यातल्या एका मुलीवर बोट टेकवलं. तिचा चेहरा पुसट आला होता. "ऐन वेळी शिंकले."

शिंकलेल्या त्या मुलीत बाईंसारखं काहीच नव्हतं.

"आणि कुसुमताई… आता कुठं असतात?"

"पस्तिशीत गेली. झोपेत. सकाळी उठलीच नाही. काय झालं ते कुणालाच कळलं नाही." बोट पुढं सरकलं. दोरावरून सरकायचं तसंच, सावकाश, थांबत. "ही शांता. माझ्या दुप्पट बैठका मारायची. साठीला दोन्ही गुडघे गेले. ही विमल. हिला सासरी गेल्यावर जिना चढायलाही विचारावं लागायचं, दोर कुठला? माझ्या सासऱ्यांनी लग्नात अट घातली होती, सुनेनं व्यायाम सोडायचा नाही. माझं नशीब… ही मंदा. हिनं कधी धड एक सूर्यनमस्कार घातला नाही. दप्तरात चकल्या. आता ऐंशीची आहे, धारवाडला असते. रोज देवळाच्या नव्वद पायऱ्या चढून जाते आणि वर पोचून मला फोन करते, 'इंदे, मेलीस का जिवंत आहेस?'"

शर्वरी रडता रडता हसली.

"सगळ्यांना व्यायामशाळेतून एकच दूध. एकाच विहिरीचं पाणी. एकच वस्ताद, एकच शिट्टी." बोट एका मुलीवर थांबलं. ती कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला कुठंतरी बघत होती. "आणि ही…"

बाईंनी पदरानं काच पुन्हा पुसली.

"हिचं नाव आठवत नाही मला."

…

त्यांनी चौकट शर्वरीच्या हातात नीट दिली.

"हा घाल डब्यावर. एकोणीसच्या एकोणीस. खाली मी सही करते."

"बाई, एवढ्या जणी डब्यावर कशा मावतील?"

"मी तर मावत होते."

तेवढ्यात शर्वरीचा मोबाईल थरथरला आणि ती पुन्हा दचकली. पडद्यावर 'साळवी सर'. तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी हनुवटीनंच 'घे' म्हणून सांगितलं आणि त्या दोराच्या सुटलेल्या धाग्यांशी बसल्या.

"झालं का, शर्वरी? डिझाईनवाले थांबलेत."

"सर, बाई फोटो द्यायला तयार आहेत. पण तो… तो एकोणीस जणींचा आहे."

"मग काय झालं? स्कॅन करून पाठवा. बाकीच्या इथं काढून टाकतील."

शर्वरीनं मांडीवरच्या फोटोकडं पाहिलं. दोरावरची कुसुम. चकल्यांची मंदा. बाजूला बघणारी ती बिननावाची. बाकीच्या.

"काढता येणार नाहीत, सर."

"म्हणजे? त्यांची हरकत आहे?"

"त्यांना कुणी विचारलंच नाहीये, सर."

पलीकडून साळवी सर शांतपणे म्हणाले, "बरं. फोटोचं बघू. दुसरी कुणी आजी मिळेल. तुमची सही तेवढी पाठवा. आहारतज्ज्ञाची. तिच्यावाचून छपाई अडलीय."

सहीचा कागद तिच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या फायलीत होता. बसमध्ये ती तो तीनदा काढून बघून आली होती. नावापुढं छापलेली पदवी पहिल्यांदाच पाहत होती ती.

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. पहिल्या दिवशी दोर धरला होता, तसाच.

"सर, आत काय आहे त्याखाली मी सही करते. दूध, सोयाबीन, कॅल्शियम. त्यानं काय होतं, त्याखाली नाही."

"उद्या दहाला केबिनमध्ये या," साळवी सर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

शर्वरी बसून राहिली. हरल्यासारखं वाटत होतं, आणि पाठ कधी सरळ झाली ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. बाईंच्या आलं होतं. त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर दोराकडं नेली. खराब तेवढा अर्धा हात त्यांनी कात्रीनं कापून बाजूला ठेवला.

शर्वरीनं फोटो परत खिळ्याला लावला. सरळ केला. तो पुन्हा कलला, तिनं पुन्हा सरळ केला. बाहेर आली ती बाईंच्या पायांशी बसली. नऊ वर्षांची असताना बसायची, तशी.

"बाई."

"हं."

"आता डबा नाही, कंपनी नाही. माझ्यापुरतं सांगा. एकोणीस जणींत तुम्हीच अशा… कशामुळं?"

बाई दोराचं कापलेलं टोक सुतळीनं बांधत होत्या. गाठ बसल्यावर त्यांनी दातांनी सुतळी तोडली. दात स्वतःचे होते.

"अठ्ठ्याहत्तर वर्षं या अंगात राहतेय, पोरी. मला काही कळलेलं नाही."

त्यांनी 'ताठकणा'चा डबा उचलला, पदरानं पुसला आणि तिच्या पिशवीत ठेवून दिला.

"उद्या दहाला जाशील तेव्हा यालाच विचार… याला कसं कळलं."