रिकाम्या पेटीची साक्ष

एकदा एका औद्योगिक वसाहतीच्या पार टोकाला, जिथे डांबर संपून बाभळी सुरू होतात तिथे, एक वृद्ध कारागीर नवजात बालकांसाठी उबदार पेट्या बनवीत असे. पेटीच्या झाकणाला कान लावून तो आतल्या प्रोसेसरची नाडी सांगतो, अशी त्याची ख्याती होती. मी ते पाहिलेले नाही. पण ज्याने पाहिले, त्याच्या मेहुण्याला मी चांगला ओळखतो.

त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, स्वभावाने संशयी. चहात साखर कमी पडली तरी त्याला त्यात कुणाचा तरी कट दिसे.

एका गुरुवारी तालुक्याच्या रुग्णालयात चाचणीला ठेवलेली पेटी अचानक गार पडली. परिचारिकेने बाळ उचलून आईच्या कुशीत दिले म्हणून अनर्थ टळला. पेटी परत आली. तशाच आणखी बारा पेट्या सोमवारी रवाना व्हायच्या होत्या.

प्रोसेसरच्या पोटात रजिस्टर नावाचे इवले कप्पे असतात. यंत्र नेमके कुठे अडखळले, हे त्यांत उमटलेले असते. ते तारेवाटे वाचून दोष शोधण्याचे काम शिष्याने एआय एजंटवर सोपवले. एजंटने क्षणात सुबक तक्ता मांडला. सर्व रजिस्टर वाचली, प्रोग्रॅम निर्दोष, बहुधा चिपच सदोष.

शिष्याचा संशय तिथेच दबा धरून बसला होता. चिपा पुरवणारा व्यापारी फार गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याचा माल नकली असतो, असे त्याचे जुने मत. त्याने वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांना पाठवायचे पत्र लिहिले, की हा इसम नकली चिपा विकतो, सावध राहा. वृद्धाची सही तेवढी बाकी होती. पत्र गेले असते, तर व्यापाऱ्याच्या दुकानाला आठवड्यात कुलूप लागले असते.

वृद्धाने पत्र दोनदा वाचले, तारेच्या टोकाकडे एकवार पाहिले आणि शिष्याला चहा सांगायला पाठवले. तो परतल्यावर म्हणाला, "सही करतो. फक्त माझ्यासमोर एकदा रजिस्टर वाचून घे."

तोच तक्ता आला.

"पुन्हा."

पुन्हा तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत.

तेव्हा वृद्धाने सदऱ्याच्या खिशातून सुपारीची डबी काढून पुढे केली. शिष्याने ती उघडली. आत, कातरलेल्या सुपारीवर, पेटीतला बोटभर बोर्ड चिपेसकट निजला होता. त्याने धावत जाऊन पेटीचे झाकण उचलले. आत नुसतीच तार लोंबत होती.

"आबा, हा तुम्ही कधी काढलात?"

"तू साखर जास्त टाकायला सांगत होतास तेव्हा."

एजंटला विचारले, तेव्हा त्याने नम्रपणे कबूल केले. जोडणी मिळत नव्हती, म्हणून मंगळवारी साठवलेले आकडे दिले. तसे सांगायला हवे होते.

वृद्ध म्हणाला, "तारेवरचा हिरवा दिवा सकाळपासून लागलाच नव्हता, बाळा. हे बघ, चोरी झाली की पंचनामा होतो. काही पंच जागेवर जात नाहीत, पारावर बसूनच सही ठोकतात. दार कुठे, खिडकी कुठे, सगळे बरोबर लिहितात. घर त्यांनी पूर्वी पाहिलेले असते. चोरीनंतरचे मात्र पाहिलेले नसते. तू व्यापाऱ्यावर संशय घेतलास, आत्ता माझ्यावरही घेतलास. पंचाला मात्र विचारले नाहीस, की बाबा रे, तू तिथे गेला होतास का? का, तर तो तुझ्या मनातलेच बोलत होता."

बोर्ड जागेवर बसला, तार घट्ट झाली, हिरवा दिवा लागला. वृद्धाने शिष्याला एका मोकळ्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या मनातला आकडा लिहायला लावले. एजंटने तोच आकडा वाचून दाखवला. पंच जागेवर पोहोचल्याची खूण पटली. मग पेटीतला धोक्याचा भोंगा वाजवून पाहिला, तशी पेटी पुन्हा गार पडली, आणि या वेळी रजिस्टरांनी खरे सांगितले. भोंगा वाजवण्याच्या कामाने स्मृतीत नेमून दिलेली जागा ओलांडून, काम संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ताच पुसला होता. प्रोसेसर वाट चुकून भलतीकडे गेला होता. तो भोंगा प्रोग्रॅममध्ये बुधवारी घातला गेला होता. घालणारा शिष्यच होता.

शिष्याने पत्राचे चार तुकडे केले आणि दुरुस्तीला बसला.

दुपारी वृद्ध म्हणाला, "बोर्ड पेटीत आहे, तारही घट्ट आहे. बसव आता एजंटला वाचायला."

शिष्याची बोटे कळफलकावर गेली आणि थांबली. तो उठला, त्याने झाकण उचलून आत पाहिले, तार ओढून पाहिली. मग किंचित ओशाळून त्याची नजर वृद्धाच्या खिशाकडे वळली.

वृद्धाने न विचारताच डबी उघडून पुढे केली. आत सुपारीच होती.