आले की आलो

“मग त्याला बसवायचं कुठं, बुवा? पुरुषांत की बायकांत?”

मठाच्या ओसरीवर रंगनाथचा आवाज चांगलाच चढला होता. उद्या काल्याचं कीर्तन, तेही त्याच्या आयुष्यातलं पहिलं, आणि नेमकी आजच ही पीडा दारात उभी.

यादवबुवा पखवाजाला कणीक लावत होते. मान वर न करता म्हणाले, “कोण आलंय?”

“तळवाडीचा सुभान. लुगडं नेसून आलाय. स्वतःला सुगंधा म्हणवतो. उद्या कीर्तनात टाळ धरू द्या म्हणतो.”

“मग?”

“मी ठणकावलं. म्हटलं, ‘मी आले, मी आले’ काय लावलंयस? पुरुषासारखं ‘मी आलो’ म्हण आणि ये आत. नाहीतर आल्या एसटीनं परत जा.”

“मग काय म्हणाली?”

‘म्हणाली’ रंगनाथला खड्यासारखं लागलं.

“काही नाही. पायरीवर बसून राहिलाय.”

“हं… उद्याची गौळण बसली का?”

रंगनाथ लगेच खुलला. सहा वर्षं घासलेला गळा. गौळण म्हणण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि स्वारीला ते पक्कं ठाऊक होतं. डोळे मिटून त्यानं सुरुवात केली.

“पाण्याला मी गेले, घागर विसरून आले,
सासूबाई, काय सांगू, कुणाची मी झाले…”

शेवटच्या शब्दाला त्याचे डोळे पाणावले. सोंग नव्हतं ते. खरंच पाणावले.

“गोड,” बुवा म्हणाले. “फक्त एक सुधार. तू बाप्या माणूस. ‘गेलो’ म्हण. ‘झालो’ म्हण.”

रंगनाथ हसला. बुवा हसले नाहीत.

“म्हण.”

“पाण्याला मी गेलो…”

मात्रा तेवढ्याच होत्या. तालही चुकला नव्हता. तरी गळा पुढं सरकेना. त्यानं पुन्हा घेतलं. ‘सासूबाई’पाशी आवाज असा फसला, की त्याची त्यालाच लाज वाटली.

“नाही जमत, बुवा.”

“का रे? एक मात्रा हललेली नाही.”

“मात्रेचं नाही हो…” रंगनाथनं उपरण्यानं कपाळ पुसलं. “आतून येतंय ‘गेले’ आणि तोंडानं म्हणायचं ‘गेलो’! खोटं आहे ते. असलं खोटं म्हणायला लावणार असाल, तर मी उद्या उभाच राहत नाही.”

“उभा राहणार नाहीस?”

“नाही. कीर्तन गेलं तरी चालेल.”

बुवांनी पखवाजावर एक थाप मारून पाहिली. मग पहिल्यांदाच मान वर केली.

“म्हणूनच ती पायरीवर बसलीय.”