धामणटेकची पाण्याची वाटी

धामणटेकच्या वेशीत शिरलात की उजव्या हाताला पिंपळाखाली एक चपटा दगड दिसेल. त्यावर कुणी बसत नाही. दमलेला पाहुणा टेकू लागला, की शेजारचा दुकानदार "अहो, तिथं नको," म्हणून आपलं बाकडं पुढे सरकवतो. रखमाजी न्हाव्याचा दगड आहे तो.

हा रखमाजी जुना पलटणीतला शिपाई. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केस निघतात म्हणतात, पण या न्हाव्याच्या तोंडून लढाईची एक गोष्ट कुणाला उकरता आली नाही. तरुणपणी तो जखमी होऊन परमुलखात पडला होता, तेव्हा गावात तो मेल्याचा सांगावा आला म्हणे. त्याच्या बापाने याच दगडावर नातवाचं डोकं भादरलं आणि लेकाचे दिवस घातले. थोड्याच दिवसांनी रखमाजी लंगडत वेशीत आला. पिंपळाखाली एक बोडकं पोर खेळत होतं.

"डोस्कं का रं भादरलं?" त्याने विचारलं.

"माझा बा मेला," पोर म्हणालं.

ते त्याचंच पोर होतं, बाळकू. त्या दिवसापासून रखमाजी लढाईविषयी बोलला नाही.

बाळकू मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मुलगा झाला आणि मग बापासारखा बाळकूही पलटणीत गेला. तो सातासमुद्रापलीकडे पडल्याचं कळलं, पण देह काही आला नाही. पंच घरी आले. पोराला पाणी पोचायला हवं, नातवाचं क्षौर करा, म्हणाले. जन्मभर गावाची सुतकं भादरणारा रखमाजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"मढं दावा, मग वस्तरा काढतो."

गाव रागावलं. काही घरांनी त्याच्याकडून दाढी करून घेणंही सोडलं, असं सांगतात. पण एकदा पोळलेला माणूस ऐकतो कुणाचं? सून ठकू रोज ठसठशीत कुंकू लावायची आणि म्हातारा ते बघून आपली आशा ताजी करायचा. वर्षं गेली. नातू म्हादूला मिसरूड फुटली, रखमाजीचे हात कापू लागले. कुणाच्या ध्यानात येत नाही अशा समजुतीने तो दिवसभर याच दगडावर वेशीकडे तोंड करून बसायचा. सगळ्या गावाला ते दिसत होतं आणि गावाचा राग कधीच विरून गेला होता.

एका सकाळी ठकू म्हादूला घेऊन दगडापाशी आली. हातात पाण्याची वाटी होती.

"मामंजी, भिजवा पोराचं डोस्कं."

"पोरी, अन् त्यो आला तर?"

"न्हाई येत. मला कवाच कळलंय. कुकू तुमच्यासाठी लावत हुते मी." तिने वाटी पुढे केली. "उद्या तुमी न्हाई ऱ्हायलासा तर परक्याचा वस्तरा लागंल. त्येच्या नावानं तुमचाच हात लागू द्या."

म्हातारा गुरासारखा हंबरला. मग त्याने वाटीत बोटं बुडवली. कापऱ्या हाताने भादरूनही म्हादूला कुठे ओरखडा उठला नाही म्हणे. उरल्या पाण्याने ठकूने तिथेच कपाळ पुसलं.

"मढं न्हाई आलं त्या घरी, वाटी आल्याबिगर कुणी वस्तरा न्यायचा न्हाई," रखमाजीने गावाला सांगितलं आणि त्याच महिन्यात तो गेला. त्याच्या क्षौराला म्हादूच्या डोक्यावर पुरते केसही उगवले नव्हते.

आजही धामणटेकचा शिपाई परत आला नाही, तर पंच त्या घरी दिवसांचा विषय काढत नाहीत. घरची बाई आपण होऊन पाणी आणील तेव्हाच. वरच्या आळीतल्या साळूबाईंचा मुलगा बर्फात गडप झाला, त्याला कैक वर्षं झाली. त्यांची वाटी अजून आलेली नाही. त्यांच्या दारावरून जाताना गावचा न्हावी काखेतली हत्यारांची धोपटी सदऱ्याखाली झाकून घेतो.