लोखंडी टाचणी

लेस अजून हातांनीच विणली जात होती, त्या काळची ही गोष्ट. इंग्लंडातल्या एका खेड्यात केझाया नावाची म्हातारी उशीवर पितळी टाचण्या रोवायची आणि त्यांच्याभोवती बारीक सूत फिरवून लेस विणायची. एका नवरीची ओढणी विणताना तिला एक टाचणी कमी पडली. "विणून झालं की काढूच," म्हणत तिने साधी लोखंडी टाचणी रोवली.

त्या टाचणीभोवती सुताचं एक फूल उमललं. टाचणीचा त्याच्यावर जीव जडला.

ओढणी पुरी झाल्यावर केझाया एकेक टाचणी उपसू लागली, तशी लोखंडी टाचणी फुलाला घट्ट धरून बसली.

"सोड ना गं," शेजारची पितळी टाचणी म्हणाली.

"मी फुलाबरोबर जाणार."

"आणि गंजणार! ओढणीवर तांबडा डाग पडला की आधी हे फूलच कापून टाकतील."

"थांब ना," फूल म्हणालं. गंज म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

टाचणीने अंग सैल सोडलं.

"निघाली बाई एकदाची!" केझाया म्हणाली.

ओढणी गावाबाहेर गेली. डबीत पडल्या पडल्या टाचणीने विचारलं, "ते मला विसरेल का गं?"

"तू उभी होतीस तिथे भोक आहे," पितळी टाचणी म्हणाली. "त्याच्याच भोवती तर ते फूल आहे."

लोखंडी टाचणी हळूच म्हणाली, "आता तिथून वारा जात असेल, नाही?"