कमानीच्या माथ्यावरची वीट

एका वाढत्या शहरात भर पेठेतली जुनी मंडई पाडायला काढली, तेव्हाची गोष्ट. कमानीच्या माथ्यावरची वीट काही केल्या हलेना. तिच्याच आधाराने बाकीच्या उभ्या होत्या.

मग पहार गोडीत म्हणाली, "आक्का, तू सुटलीस की झालं. नव्या इमारतीत तुम्हा सगळ्यांना जागा आहे."

"कुठली, ते विचार तरी," शेजारची वीट म्हणाली. पण हिला माथ्याशिवाय दुसरी जागा ठाऊकच नव्हती. तिने चुना सोडला आणि अख्खी कमान कोसळली.

तुकडे पायाच्या खड्ड्यात भरले. वरून ठोकायला धुमस आला.

"आमची जागा?" विटेने विचारलं.

"हीच की," धुमस म्हणाला. "आणि आता हलू नकोस. वर वीस मजले चढायचेत."