थडग्यावरची झोडणी

विषय : शिष्य म्हणून दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक डॉ. नरहर टेंभेकर यांनी आंबोशी गावचे फादर इनास यांच्याकडे केलेला अर्ज. पाने चार. सोबत प्रमाणपत्रांच्या आठ प्रती.

“माणसाच्या थडग्यावर भात झोडता?”

खाडी ओलांडून चर्चच्या आवारात पाऊल टाकताच अर्जदाराच्या तोंडून निघालेला हा पहिला प्रश्न. नमस्कार राहून गेला.

चर्च चारशे वर्षांचे. आवारभर जांभ्या दगडाची आडवी थडगी, आणि त्यांच्यावर अख्खे गाव पेंढ्या आपटत होते.

टेंभेकरांनी अहंकारनाशावर पाच ग्रंथ लिहिले होते. पाचही मुखपृष्ठांवर फोटो त्यांचाच होता. गेल्याच आठवड्यात, आपण कायमचे साधनेला निघालो म्हणून, त्यांनी शाल, श्रीफळ आणि निरोपाची नऊ भाषणे स्वीकारली होती. इथून नकार आला, तर ज्या गल्लीने निरोप दिला, त्याच गल्लीत भाजीची पिशवी घेऊन पुन्हा दिसावे लागणार होते.

फादर इनास भाऱ्यावर बसून पायातला काटा काढत होते. त्यांनी हनुवटीने नुसते समोर दाखवले.

समोर नातालबाय नावाची म्हातारी एका कोऱ्या करकरीत दगडावर पेंढी आपटत होती. दगडावर यंदाचीच तारीख होती. टेंभेकरांनी धावत जाऊन तिचा हात धरला.

“कोण आहे हा?”

“माझा घरवाला. बस्त्याव.”

टेंभेकरांचा हात आपोआप सुटला.

“लावणी त्यानं केली, बाबा. मग गेला. किती दाणा पडला, ते त्याला नको कळायला?” म्हातारीने पेंढी पुन्हा उचलली. “आणि सासऱ्यावरनं उतर.”

टेंभेकर दचकून उडी मारून बाजूला झाले, ते तिसऱ्याच दगडावर. यावर एकही अक्षर नव्हते. मधोमध तो परातीसारखा खोलगट झाला होता. त्यांना जरा हायसे वाटले.

“हा बेवारस दिसतो.”

“माझा आहे,” फादर म्हणाले.

“पण तुम्ही तर... जिवंत आहात.”

“हो. लोक सांभाळून घेतात.”

मग फादरांनी थोडक्यात हकीकत सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी ते रोमहून पदवी घेऊन इथे आले. त्याच आठवड्यात तेव्हाच्या मोठ्या फादरांनी त्यांचे नाव एका दगडावर कोरून घेतले आणि गावाला सांगितले, झोडा. पहिल्या वर्षी लोक भिडेने हळू मारत. मोठे फादर त्यांच्यावर ओरडत. इथला दगड मऊ आहे.

“नाव होतं?” टेंभेकरांनी खाली पाहिले.

“होतं.”

चिंचेखाली पाथरवट एका नव्या दगडाशी बसला होता. फादरांनी त्याला खूण केली, तशी त्याने छिन्नी उचलून टेंभेकरांना विचारले, “काय लिहू?”

आपल्या जिवंतपणी आपले थडगे... पण शाल आठवली, गल्ली आठवली, आणि त्यांनी मजकूर सांगितला. पाथरवट म्हणाला, एवढे मावत नाही. मग एकेक पदवी गळत गेली. ‘डॉ.’ सर्वांत शेवटपर्यंत तग धरून होता. अखेर उरले ते ‘नरहर’.

छिन्नीचे ठोके ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दगड आवारात मांडला गेला. नातालबायने त्यांच्या हातात पेंढी दिली. टेंभेकरांनी ती डोक्यावर उचलली आणि आपल्याच नावावर आपटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दाणे खळकन सांडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. फादर पाहत राहिले, आणि त्यांनी हलकेच मान डोलावली.

टेंभेकर खाली वाकले. नावावरचा भुसा त्यांनी तळहाताने पुसला, फादरांच्या नाव झिजून गेलेल्या दगडाकडे एकवार नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारले,

“तुम्हाला चाळीस वर्षं लागली... मी रोज झोडलं, तर तिसांत होईल?”

फादरांनी त्यांच्या हातातली पेंढी काढून घेतली.

“प्रोफेसर, आपला अर्ज अजून प्रलंबित आहे.”